परदेशस्थ फिलिपिनो कुटुंबांचा नाताळ

नाताळ २५ डिसेंबरला येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. फिलिपिन्समधील ख्रिस्ती बांधवांना ती मान्य होणार नाही. त्यांच्याकडे सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली की नाताळ सुरू होतो. ज्या चार महिन्यांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी ‘बर’ हा उच्चार येतो, ते चारही महिने त्यांच्या लेखी नाताळाचेच. रेडिओवर नाताळगीते वाजू लागतात, दुकानांच्या दारांत कागदी तारे लटकू लागतात आणि हा उत्सव पुढे तीन राजांच्या सणापर्यंत लांबतो. सेबू बेटावर तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येणारा ‘सांतो निन्यो’चा, म्हणजे बाळ येशूचा सण साजरा झाल्यावाचून नाताळ संपला असे कुणी मानीत नाही. जगातील सर्वांत लांब नाताळ आमचा, असे हे लोक कौतुकाने सांगतात.

असा सण ज्याच्या अंगी भिनला आहे, तो माणूस डिसेंबर महिन्यात रोममध्ये, दुबईत, हाँगकाँगमध्ये किंवा टोरांटोमध्ये असेल, तर त्याचा नाताळ कसा होत असेल? फिलिपिनो समाजात हा प्रश्न अपवादात्मक नाही. तेथील सरकारी सर्वेक्षणानुसार २०२३ साली सुमारे २१ लाख ६० हजार फिलिपिनो परदेशी नोकरी करीत होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. परदेशी कायमचे स्थायिक झालेले धरले, तर ही संख्या एक कोटीच्या आसपास असावी असे मानले जाते. देशाची लोकसंख्या सुमारे अकरा कोटी. म्हणजे नाताळच्या जेवणाला ज्या घरात सगळी माणसे हजर आहेत, असे घर शोधावेच लागेल.

या लोकांचा नाताळ समजून घ्यायचा तर ‘सिंबांग गाबी’पासून सुरुवात करावी लागते. या शब्दांचा अर्थ रात्रीची उपासना. १६ ते २४ डिसेंबर असे सलग नऊ दिवस, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, सूर्य उगवण्यापूर्वी पवित्र मिस्सा साजरी केली जाते. १५२१ साली मॅगेलनच्या जहाजांबरोबर या बेटांवर ख्रिस्ती श्रद्धा पोहोचली आणि त्याच शतकात स्पॅनिश मिशनऱ्यांनी तेथे जम बसविला. नाताळपूर्वीच्या नऊ मिस्सांची प्रथा त्यांनी मेक्सिकोतून आणली. मेक्सिकोतील अकोल्मान येथील ऑगस्टिनियन मठाचे प्रमुख फादर दिएगो दे सोरिया यांनी, चर्चमध्ये मावेनाशी झालेली गर्दी पाहून, उघड्या आवारात मिस्सा अर्पण करण्याची अनुमती पोप सिक्सटस पाचवे यांच्याकडे मागितली होती. फिलिपिन्समध्ये ही प्रथा आली तेव्हा तिला पहाटेची वेळ मिळाली, ती शेतकऱ्यांमुळे. डिसेंबर हा भातकापणीच्या हंगामाचा काळ. उन्हे चढण्यापूर्वी शेतावर पोहोचायचे, दिवसभर राबायचे आणि रात्री थकून घरी यायचे, अशा माणसाला उपासनेसाठी एकच वेळ मोकळी होती. धर्मगुरूंनी ती ओळखली.

आगमनकाळ हा जांभळ्या वस्त्रांचा, संयमाचा काळ. तरीही फिलिपिन्समध्ये या नऊ मिस्सांना धर्मगुरू पांढरी वस्त्रे परिधान करतात आणि ‘ग्लोरिया’ स्तोत्र गायले जाते. पवित्र मरियेने बाळ येशूला आपल्या उदरी वाहिले त्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून नऊ मिस्सा, असे भाविक मानतात. जो एकही पहाट न चुकविता नऊही मिस्सांना हजर राहील त्याच्या मनीची इच्छा पूर्ण होते, अशीही लोकसमजूत आहे. नोव्हेना म्हणजे परमेश्वराशी केलेला सौदा नव्हे, हे धर्मगुरूंना तेथेही वारंवार सांगावे लागते.

मिस्सा संपली की चर्चच्या दारात खाण्याची दुकाने मांडलेली असतात. तांदळाच्या पिठाची ‘बिबिंका’ मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर ओतून, खाली आणि वर निखारे ठेवून भाजतात. आपल्या कोकणातील पानगी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना भाजलेल्या केळीच्या पानाचा तो वास निराळा सांगायला नको. बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळ्या रंगाचा ‘पुतो बुंबोंग’ आणि आल्याचा गरम काढा, हे त्याचे सोबती. खिडकी-खिडकीत ‘पारोल’ म्हणजे बांबूच्या काड्यांवर कागद चिकटवून केलेला पंचकोनी तारा. आपल्याकडे नाताळात दारावर टांगतात तसाच, पण पांपांगा प्रांतातील सान फेर्नांदो या शहरात या ताऱ्यांचा आकार घराएवढा होतो आणि तेथे त्यांची दरवर्षी स्पर्धा भरते. २४ च्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपली की ‘नोचे बुएना’. घरचे सर्व जण रात्री एकत्र जेवतात, मुले वडीलधाऱ्यांचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला लावतात आणि धर्मपिता व धर्ममाता यांच्याकडे आपला नाताळचा हक्क मागतात.

आता यातील काय परदेशी नेता येते? बिबिंका नेता येते. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध आज कोठेही मिळते, केळीचे पान गोठविलेले मिळते. पारोल नेता येतो. पहाट मात्र नेता येत नाही. रोममध्ये किंवा टोरांटोमध्ये डिसेंबरच्या पहाटे चार वाजता चर्च उघडणे अवघड, आणि त्याहून अवघड म्हणजे सकाळी सातला कामावर हजर व्हायचे असलेल्या माणसाने बर्फातून तेथवर पोहोचणे. म्हणून परदेशी बहुतेक ठिकाणी सिंबांग गाबी संध्याकाळी सात-आठच्या सुमारास होते. लॉस एंजेलिसमध्ये १५ डिसेंबरच्या संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये आरंभाची मिस्सा होते आणि निरनिराळ्या धर्मग्रामांचे लोक आपापला पारोल घेऊन मिरवणुकीने वेदीकडे जातात. संध्याकाळची मिस्सा म्हणजे खरी सिंबांग गाबी नव्हे, अशी कुरकुर काही ज्येष्ठ मंडळी करतात. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. परंतु मूळ पहाटेची वेळ तरी कोठून आली? कष्टकऱ्याला जी वेळ मोकळी होती, तीच उपासनेची वेळ ठरली. भातशेतात राबणाऱ्याची मोकळी वेळ पहाटेची होती. परक्या घरी स्वयंपाक करणाऱ्या त्याच्या पणतीची मोकळी वेळ रात्री आठची आहे. प्रथा मोडली असे म्हणण्यापेक्षा प्रथेने आपला मूळ नियम पाळला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

रोमचे उदाहरण थोडे तपशिलात पाहू. इटलीतील फिलिपिनो स्त्री-पुरुषांपैकी पुष्कळ जण घरकाम आणि वृद्धांची शुश्रूषा करतात. गुरुवारची दुपार आणि रविवार या घरकामगारांच्या परंपरागत सुट्या. त्यामुळे या दोन दिवशी रोममधील काही चर्चच्या आवारांत तागालोग भाषा ऐकू येते. सांता पुदेन्झियाना या बासिलिकेत, जिच्या वेदीवर सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे ख्रिस्ताचे मोझेक चित्र आहे, फिलिपिनो समाजाचे धार्मिक केंद्र आहे. योगायोग असा, की इटलीतही नाताळची नोव्हेना १६ डिसेंबरलाच सुरू होते. एकेकाळी याच दिवसांत डोंगरी भागातील मेंढपाळ पिशवीची वाद्ये वाजवीत रोमच्या रस्त्यांवर येत असत. दोन्ही समाजांचे नऊ दिवस तेच, बाळ येशू तोच. तरीही कित्येक वर्षे ते दोन निरनिराळ्या दारांनी चर्चमध्ये जात होते.

१५ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिरात फिलिपिनो समाजासाठी सिंबांग गाबीची पहिली मिस्सा अर्पण केली. ज्या स्त्रिया त्या शहराच्या घरांत मागील दाराने जात-येत होत्या, त्या त्या दिवशी ख्रिस्तसभेच्या सर्वांत मोठ्या दरवाजातून आत आल्या. पुढे १४ मार्च २०२१ रोजी, फिलिपिन्समध्ये ख्रिस्ती श्रद्धा पोहोचल्याला ५०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने अर्पण केलेल्या मिस्सेत, दिवंगत पोप महोदयांनी आपले एक आवडते विधान पुन्हा केले. रोममधील फिलिपिनो स्त्रिया या श्रद्धेची तस्करी करणाऱ्या आहेत, जेथे कामाला जातात तेथे त्या श्रद्धा पेरतात, असा त्याचा आशय होता. हे कौतुक खरे आहे. ज्या इटालियन घरांत प्रार्थना थांबली होती, तेथील मुलांना क्रुसाची खूण करायला शिकविणारी दाई फिलिपिनो असणे, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

परंतु या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे. ती दाई जेव्हा दुसऱ्याच्या लेकराला झोपविते, तेव्हा तिचे लेकरू कुणाजवळ झोपते?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा आजी किंवा मावशी असे असते, आणि त्या घरी दर डिसेंबरला एक भले मोठे खोके पोहोचते. त्याला ‘बालिकबायन बॉक्स’ म्हणतात. ‘बालिक’ म्हणजे परतणे, ‘बायन’ म्हणजे गाव किंवा देश. परदेशी गेलेल्या फिलिपिनो लोकांनी सुटीत मायदेशी यावे म्हणून १९७३ साली सरकारने ज्या सवलती जाहीर केल्या, त्यांतून हा शब्द रूढ झाला. मूळ अर्थाने परतणारा माणूस, पण आज माणसाऐवजी खोकेच परतते. ते जहाजाने जाते, म्हणून नाताळला पोहोचण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरातच पाठवावे लागते. कित्येक घरांत ते वर्षभर कोपऱ्यात उघडे असते आणि पगाराच्या दिवशी त्यात थोडी-थोडी भर पडते: साबण, टूथपेस्ट, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटे, शाळेची दप्तरे, बूट. यांतील पुष्कळ वस्तू मनिलाच्या बाजारातही मिळतात. हे पाठविणाऱ्यांना ठाऊक नाही असे नाही. साबण हा निमित्तमात्र. मी तुमच्यासाठी दुकानात उभी राहिले, तुमची आठवण करून ही वडी निवडली, एवढेच त्यातून सांगायचे असते. बुटांचे तेवढे अवघड जाते. पाऊल दर वर्षी वाढते आणि त्याचे माप आईला फोनवर विचारून घ्यावे लागते.

ऑगस्ट २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या सीमाशुल्क खात्याने ही खोकी अचानक उघडून तपासण्याचा बेत केला, तेव्हा जगभरातील फिलिपिनो कामगारांमध्ये संतापाची लाट उसळली. करांच्या प्रश्नावर एवढा क्षोभ का, हे बाहेरच्यांना कळेना. अखेर २०१६ च्या कायद्याने दीड लाख पेसोपर्यंतच्या मालाला, वर्षातून तीन वेळा, शुल्कमाफी मिळाली. शासनालाही या माणसांना दुखविणे परवडणारे नव्हते. २०२४ साली परदेशस्थांनी बँकांमार्फत सुमारे साडेचौतीस अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. कोराझोन अक्विनो यांनी १९८८ साली हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांना ‘नव्या वीरांगना’ म्हटले, तेव्हापासून हे विशेषण सरकारी भाषणांत कायमचे येऊन बसले आहे. वीर म्हटले की त्याच्या दुःखाची चौकशी करण्याची गरज उरत नाही, ही त्यातील सोय.

ती चौकशी फिलिपिन्सच्या ख्रिस्तसभेने केली, हे नमूद करायला हवे. तेथील बिशप परिषदेच्या स्थलांतरितविषयक आयोगाने स्कालाब्रिनी स्थलांतर केंद्र आणि इतरांच्या सहकार्याने दहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांची पाहणी केली आणि तिचा अहवाल ‘हार्ट्स अपार्ट’ या नावाने २००४ साली प्रसिद्ध झाला. परदेशी गेलेल्यांची मुले वाया जातात, हा सरसकट समज त्या पाहणीने खोडून काढला. शिक्षणात आणि आरोग्यात ती इतरांच्या मागे नव्हती, आणि आजी-आजोबांनी व नातेवाइकांनी त्यांना चांगले सांभाळले होते. मात्र ज्यांची आई दूर होती, त्या मुलांनी एकटेपणाची आणि काळजीची भावना अधिक प्रमाणात बोलून दाखविली. पैशाने जे भरून निघते आणि जे निघत नाही, त्यांमधली रेषा या लहान मुलांनी मोठ्या माणसांपेक्षा स्पष्टपणे दाखविली असे म्हणावे लागेल.

सगळीच कुटुंबे अशी दुभंगलेली नाहीत. इटलीत, कॅनडात आणि अमेरिकेत पुष्कळांना कालांतराने मुलांना जवळ आणता येते. पण तेथे निराळाच पेच उभा राहतो. पंधरा वर्षांचा मुलगा विमानतळावर ज्या स्त्रीला भेटतो, तिला तो मुख्यतः आवाजाने ओळखत असतो. आणि तेथेच जन्मलेल्या मुलांना नाताळ म्हणजे पानेत्तोने केक आणि सहा जानेवारीला भेटवस्तू देणारी बेफाना म्हातारी. आईबापांना ‘घरचा नाताळ’ म्हणजे मनिला किंवा बातांगास; मुलांना घर म्हणजे जेथे ती आज राहतात ते. अशा कुटुंबात नऊ संध्याकाळच्या मिस्सा वेगळेच काम करतात. मुलगा गायकवृंदात गिटार वाजवितो, मुलगी वाचन करते, आई सभागृहात भात आणि ‘पान्सित’ शेवया वाढते, आणि आपण कोणत्या घरचे, हा वाद नऊ दिवसांपुरता तरी मिटलेला असतो.

हाँगकाँगमध्ये कुटुंब जवळ आणण्याची मुभाच नाही. घरकामगार स्त्रीने मालकाच्या घरीच राहावे, असा तेथील नियम आहे. आठवड्यातून एक दिवस सुटी, बहुधा रविवारची, आणि त्या दिवशी शहराच्या मध्यभागी फुटपाथवर पुठ्ठे अंथरून हजारो स्त्रिया बसलेल्या दिसतात. तेथील कामगार कायद्यानुसार हिवाळी अयनदिनाचा चिनी सण किंवा नाताळ, यांपैकी कोणत्या दिवशी सुटी द्यायची हे मालकाने ठरवायचे असते. म्हणजे मालकाने अयनदिन निवडला, तर २५ डिसेंबरला ती स्त्री दुसऱ्यांच्या नाताळच्या मेजवानीची भांडी घासत असते.

आखाती देशांचे चित्र वसईच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल, कारण तेथे फिलिपिनो आणि भारतीय एकाच बाकावर बसतात. संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि येमेन यांचा समावेश असलेल्या दक्षिण अरबस्तानच्या धर्मक्षेत्रात हेच दोन मोठे समाज. २०२२ पर्यंत अमिरातीत साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे, म्हणून रविवारच्या मिस्सेला लोक शुक्रवारी येत. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये डिसेंबरातील या नऊ संध्याकाळी आवारात उभे राहायला जागा नसते. शेजारच्या सौदी अरेबियात मात्र एकही चर्च नाही. तेथे नाताळ खोलीच्या बंद दाराआड होतो. आखातातून येणाऱ्या पेटीची वाट पाहणारी घरे आपल्याकडेही होती आणि आहेत. तेव्हा फिलिपिनो भगिनीची कहाणी ऐकताना आपण फार परक्या मुलखात गेलेलो नसतो.

वसई आणि मनिला यांचा संबंध तसा चारशे वर्षांहून जुना आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करीत मनिलाला पोहोचले आणि तेथेच त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. १५९३ साली दुभाषी म्हणून ते मनिलाहून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्याच नागासाकीत चाळीस वर्षांनी, १६३७ साली, लोरेन्झो रुईझ यांना मरण आले. मनिलाच्या बिनोंदो भागातील हा लेखनिक. बायको आणि तीन मुले असलेला संसारी माणूस. एका हत्येचा आळ आल्यामुळे तो धर्मगुरूंबरोबर जहाजात बसला आणि पुन्हा घरी परतला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १८ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांना संतपद बहाल केले. फिलिपिन्सचे हे पहिले संत. दुसरे संत पेद्रो कालुंगसोद, हेही घरापासून दूर, ग्वाम बेटावर १६७२ साली मारले गेले. ज्या देशाचे दोन्ही संत परदेशी वारले, त्या देशातील परदेशस्थांनी संत लोरेन्झो यांना आपले आश्रयदाते मानावे, यात नवल नाही. परदेशातील फिलिपिनो प्रार्थनामंडळांत त्यांचे चित्र हमखास आढळते. मात्र नाताळाच्या दिवसांत त्या चित्राकडे पाहताना मनात येते, की बिनोंदोतील त्या घरी वाट पाहणाऱ्या पत्नीचे आणि तीन लेकरांचे पुढे काय झाले असेल?

पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जो धर्मादेश काढला, त्याच्या आरंभीच इजिप्तला पळून जाणारे नाझरेथचे पवित्र कुटुंब हे सर्व स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श म्हणून मांडले आहे. फिलिपिन्समध्ये नाताळच्या आदल्या रात्री ‘पानुनुलुयान’ नावाचा प्रसंग करतात. योसेफ आणि गर्भवती मरिया दारोदार फिरून गाण्यातून आसरा मागतात आणि आतून गाण्यातूनच नकार येतो. परदेशातील सभागृहांतही तो प्रसंग होतो. मुलांना मोठी मजा वाटते. योसेफाचे काम करणारा माणूस कधी-कधी स्वतः भाड्याची खोली मिळत नाही म्हणून तीन दारे हिंडून आलेला असतो. पण एक फरक राहतो. योसेफ आणि मरिया यांना जागा मिळाली नाही, तरी ती एकत्र होती.

रोममधील त्या घरकाम करणाऱ्या आईची २४ डिसेंबरची संध्याकाळ आपण डोळ्यांपुढे आणू शकतो. रोमचे घड्याळ मनिलाच्या सात तास मागे असते. संध्याकाळी पाच वाजता, मालकीणबाईंच्या घरी रात्रीच्या मेजवानीचे मासे साफ करायला घेतलेले असताना, मनिलात मध्यरात्र होते. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. पडद्यावर आजी, मावशी, भाचरे आणि तिची दोन मुले ताटावर बसलेली दिसतात; मुले नवे बूट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवितात. थोरल्याला ते घट्ट होत आहेत, हे तो सांगत नाही, पण त्याच्या चालण्यावरून तिला कळते. मासे चुलीवर चढवायची वेळ होते. ती मुलांना म्हणते, तुम्ही जेवा, मी जरा हात धुऊन येते.